डिशचा बॉक्स आणि वाय-फाय

आपल्या लांज्यात कितीतरी घरांवर डिश दिसते. तिचे तोंड आग्नेयेकडे असते. का बरे? कारण उपग्रह तिकडे विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह २०१५ साली सोडला. तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून डिश हलवावी लागत नाही.

काही बॉक्समध्ये कार्यक्रम रेकॉर्ड होतो. असा बॉक्स वाय-फायला जोडला की मोबाईलवरूनही रेकॉर्डिंग लावता येते. ती सोय कंपनीने दिलेली हवी. जोडायची रीत अशी :

१) रिमोटवर मेनू दाबून सेटिंग उघडा. त्यात नेटवर्क निवडा.
२) आपल्या वाय-फायचे नाव शोधा. यादीच दिसत नसेल, तर बॉक्सात वाय-फाय नाही असे समजा. काही बॉक्सना मागे छोटी कांडी लावावी लागते.
३) पासवर्ड घाला. इंग्रजी लहान-मोठी अक्षरे जशीच्या तशी हवीत.

जांभ्याच्या जाड भिंतीतून वाय-फायच्या लहरी कमी येतात. म्हणून राऊटर बॉक्सच्या जवळ, उंचावर ठेवावा.

आता महत्त्वाचे. मुसळधार पावसात चित्र जाते. मग घरातले म्हणतात, “डिश हलली वाटतं, जरा वर चढून बघ.” पण डिश हललेली नसते! पावसाचे थेंब उपग्रहाच्या लहरी अडवतात. वाय-फाय जोडले तरी हे टळत नाही. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येते. आधी रेकॉर्ड केलेले मात्र तेव्हाही बघता येते.

म्हणून पालकांनो, पावसात छपरावर चढायचं नाय. पाय घसरतो. आणि वीज कडाडायच्या आधीच प्लग काढून ठेवा.