जुनी मॅटाडोर रस्त्यावर आणताना: भाचीसाठी मामाचे कानमंत्र

भाचेबाई, जुनी मॅटाडोर घेऊन तिची फिरती खोली करायचं मनावर घेतलंयस, हे ऐकून फार बरं वाटलं. आतल्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरलाय म्हणे! ठरू दे, पण पडद्यांची पाळी सगळ्यात शेवटी येते बरं का.

पुण्याच्या बजाज टेम्पोने 1969 मध्ये जर्मन रचनेवरून ही गाडी काढली. शाळेची मुलं, रुग्ण, भाजीपाला, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिने वाहिलं. कंपनीचं नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालं आणि मॅटाडोर त्याआधीच बंद झाली. म्हणजे तुझी गाडी विशीच्या पलीकडची असणार हे नक्की. अशा गाडीला पैशापेक्षा क्रम लागतो. आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन आणि मग संसार. हा क्रम पाळलास तर बेंगळुरूत राहून हे काम नीट होतं. आता एकेक सांगतो, सावकाश वाच.

घेण्याआधी

1. पैसे मोजण्याआधी गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर घालून बघ — कर्जाचा बोजा, संपलेली नोंदणी आणि थकलेला विमा पत्र्यावर लिहिलेला नसतो. कागद कच्चा, तर पत्रा पक्का असून काय कामाचा?

2. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून बघ, आणि चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घे — आरटीओत तो लागतोच. पत्रेवाल्यालाही ती जागा आधी दाखव, कारण तिथे ग्राइंडर फिरला की गाडीची ओळखच पुसली जाते.

3. सरकारी लिलावातली रुग्णवाहिका स्वस्त मिळतेय म्हणून भुलू नकोस — 15 वर्षांवरच्या सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून नव्याने होत नाही, त्या भंगारातच जातात.

4. पिवळ्या पाटीची गाडी असेल, तर थकलेला कर आणि वर्ग बदलण्याची प्रक्रिया आधी आरटीओत विचारून घे — खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांत मोडते, पण ती तशी नोंदवून घेणं मालकाच्याच गळ्यात असतं.

5. महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून गाडी आणणार असशील, तर फॉर्म 28 ची एनओसी हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नकोस — तिच्याविना कर्नाटकाचा नंबर मिळत नाही, आणि पैसे मिळालेला विक्रेता फोन उचलायला उशीर लावतो.

6. रत्नागिरी, पणजी, मंगळुरूकडची गाडी असेल तर दुप्पट बारकाईने बघ — खाऱ्या हवेतलं मीठ फटीत बसून ओल धरून ठेवतं, आणि पत्रा आतून सडतो.

7. बघायला जाताना खिशात छोटं चुंबक आणि जुना स्क्रू ड्रायव्हर ठेव — जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे, आणि जिथे स्क्रू ड्रायव्हर आत जातो तिथे काहीच नाही.

कागदांचं

8. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते, त्यानंतर फॉर्म 25 भरून आणि तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिही — उशीर झाला की दर महिन्याला 500 रुपये जादा पडतात. मूळ शुल्कही 2022 मध्ये वाढलं आणि 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2025 मध्ये पुन्हा वाढलं, तेव्हा ताजा आकडा विचारूनच हिशेब मांड.

9. छप्पर उंच करणं, आसनं काढणं, इंजिन बदलणं, यातलं काहीही करण्याआधी आरटीओची लेखी परवानगी घे — मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तेच सांगतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये मूळ रचना मनाप्रमाणे बदलता येत नाही असं बजावलं आहे.

10. रंग बदलायचा असेल तर तोही आरसीवर चढवून घे — पांढरी नोंदलेली गाडी निळी दिसली की प्रत्येक नाक्यावर तुलाच गोष्ट सांगत बसावं लागेल.

11. थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट झाल्याशिवाय गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतही नेऊ नकोस — अपघात वाट बघत नाही, आणि विम्याशिवायच्या अपघाताची भरपाई आयुष्यभर पुरते.

गंज आणि पत्रा

12. सगळ्यात आधी पाणी कुठून येतं ते शोध: छपराची पन्हळ, काचांचं रबर, दाराची खालची कड, चाकांवरच्या कमानी — गळती न थांबवता पत्रा बदलला, तर तू पावसाला नवीन खाऊ आणून दिलास.

13. दारांच्या आणि उंबऱ्यांच्या तळाशी असलेली बारीक भोकं तारेने मोकळी कर, कधी बुजवू नकोस — पाण्याला वाट द्यावी, नाहीतर ते स्वतः करून घेतं.

14. जमिनीवरचं मॅट, जुना फोम, प्लाय, सगळं उचलून मोकळा पत्रा बघ — दिसतो तो रंग, खातो तो गंज.

15. नुसता वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने घासून गंज-रूपांतरक लाव. पण बोटाने दाबला की वाकणारा पत्रा कापूनच काढ — सडक्यावर पुट्टी भरली तर ती पुढच्या पावसाळ्यात आख्खी निघून येते.

16. नवीन तुकडा मूळ पत्र्याच्याच जाडीचा घे, आणि वेल्डिंग थांबत थांबत, जागा बदलत टाके मारून करून घे — एका दमात ओढलेल्या वेल्डिंगने पातळ पत्रा तापून मुरडतो.

17. वेल्डिंगआधी बॅटरी सोड, ऑल्टरनेटरच्या तारा काढ, डिझेलची टाकी उतरव आणि पाण्याची बादली व अग्निशामक जवळ ठेव — ठिणगीला आपला हेतू चांगला आहे हे कळत नसतं.

18. चासी आणि लीफ स्प्रिंगच्या पाट्यांच्या खिळ्या, कड्या बसतात ती जागा गंजलेली दिसली, तर तिथे काटकसर नको. जाणत्या माणसाकडूनच काम करून घे — बाकीचा पत्रा गाडीची अब्रू झाकतो, चासी तिचा जीव सांभाळते.

19. प्रायमर मारून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नकोस, वर रंग लवकर चढव — साधा प्रायमर ओल शोषतो, आणि त्याच्याखाली गंज निवांत पसरतो.

20. पत्रा आणि रंगाचं काम जानेवारी ते एप्रिलमध्ये उरक — मे महिन्यात इथे वळीव येतो, मग नैर्ऋत्य मोसमी आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस. घाईच्या रंगाला पावसाळा पावती देतो.

21. उभ्या गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नकोस, वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा असू दे — ताडपत्रीखाली वाफ धरते आणि झाकलेली गाडी उघड्या गाडीआधी गंजते.

आधी थांबणं, मग पळणं

22. इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक पुरे कर. ब्रेक आधी, बिछाना नंतर — न चालणारी गाडी दारात उभी राहते, न थांबणारी कुणाच्या तरी दारात शिरते.

23. उभ्या राहिलेल्या गाडीचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे रबर आणि होज पाईप न बघताच बदल, लोखंडी ब्रेक पाईप मात्र बोट फिरवत शेवटपर्यंत तपास — तो कडीखाली, नेमका न दिसणाऱ्या जागी गंजून फुटतो.

24. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवं घाल, बाटली उघडी ठेवू नकोस — ते हवेतली ओल पितं, आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पायाखालचा पेडल मऊ पडतो.

25. टायरची नक्षी बघून समाधान मानू नकोस, बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा — न वापरलेलं रबरही म्हातारं होतं, आणि त्याच्या भेगा वेगात उघडतात.

26. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नकोस, लोखंडी स्टँड आणि चाकांना लाकडी ठोकळे लाव — जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही.

27. मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालते, म्हणून पुढच्या एक्सलवरची रबरी बूट दर महिन्याला बघ — बूट फाटला की धूळ ग्रीसमध्ये जाते, आणि काही रुपयांच्या रबरापायी महागडा जोड जातो.

इंजिन

28. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला एकदम सेल्फ मारू नकोस. ऑइल बदल, हीटर प्लग तपास आणि क्रँक आधी पान्याने हळूहळू फिरवून बघ — अडकलेलं इंजिन जोराने सुटत नाही, तुटतं.

29. टाकी उतरवून तळातलं पाणी आणि गाळ काढ, नवं डिझेल आणि नवा फिल्टर घाल, मग हातपंपाने हवा बाहेर काढ — निम्म्या ‘बंद पडल्या’ गाड्या इंजिनामुळे नाही, घाणेरड्या डिझेलमुळे बंद असतात.

30. पहिल्यांदा सुरू करताना एकाला हवेच्या तोंडापाशी सपाट फळी घेऊन उभं कर — पंप अडकला असेल तर डिझेल इंजिन किल्लीचं ऐकत नाही आणि वेड्यासारखं पळत सुटतं. तेव्हा हवा कोंडणं हाच उपाय.

31. इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम 616 असेल तर निर्धास्त राहा, फक्त टॅपेट वेळच्या वेळी लावून घे — हेच घराणं ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्येही होतं, म्हणून सुटे भाग अजून मिळतात.

32. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी कधी घालू नकोस, कूलंट आणि शुद्ध पाणीच घाल — इथल्या जड पाण्याचा क्षार आत बसतो, आणि सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभं राहिलं की काटा लाल रेघेवर जातो.

33. जुनं ऑइल डब्यात धर आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्येच दे, गटारात ओतू नकोस — इथले राजकालुवे, म्हणजे मोठे पावसाळी नाले, तलावांनाच मिळतात, आणि बेळ्ळंदूर तलावाने आग आणि फेस, दोन्ही पाहिले आहेत.

माल आणि माणसं

34. नव्या मालासाठी जेसी रोड आणि जुन्या सुट्या भागांसाठी शिवाजीनगरची गुजरी गाठ, काढलेला जुना भाग सोबत ने — नाव सांगितलं तर चार चुकीचे मिळतात, नमुना दाखवला तर एक बरोबर मिळतो.

35. दाराचं कुलूप, काच, आरसा जुना चालेल, पण ब्रेक, रबर आणि बेअरिंग नवंच घे — जुन्या मालाचा वापर दिसतो, थकवा दिसत नाही.

36. मिस्त्रीशी कानडीत चार शब्द बोल. ‘अण्णा, हळे पार्ट कोडी’ म्हणून बदललेला जुना भाग हसत मागून घे — काम खरंच झालं का ते कळतं, आणि भाषा बोलणाऱ्याला मिस्त्री दोन गोष्टी जास्त सांगतो.

37. नट-बोल्ट डब्यांत लेबल लावून ठेव आणि खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घे — हाताला आठवतं असं वाटतं, पण दोन महिन्यांनी एक नट उरतो. उरलेला नट घरी गप्प बसतो आणि घाटात बोलतो.

38. खंडेनवमीच्या आठवड्यात कुठलंही काम पुरं होईल अशी आशा धरू नकोस — इथली आयुधपूजा गॅरेजवाल्यांची दिवाळीच. त्या दिवशी गाडी बेताने चालव, रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांवरून चाक घसरतं.

संसार मांडताना

39. प्लाय पत्र्यावर थेट चिकटवू नकोस आणि भिंतीत कापूस-लोकर भरू नकोस. पाणी न शोषणारा फोम वापर — आतला श्वास रात्री पत्र्यावर घाम होऊन बसतो, आणि भिजलेलं भरताड तो वर्षभर सोडत नाही.

40. दुसऱ्या बॅटरीचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसव आणि वायर जाड घे — फ्यूज दूर असेल तर मधली वायर घासून पेटली तरी तो मध्ये पडत नाही.

41. गॅस सिलिंडर पेटीत बांधून ठेव आणि पेटीच्या तळाला बाहेर उघडणारं भोक ठेव, झोपताना शेगडी बंद — एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो.

42. सामान भरून गाडी वजनकाट्यावर ने आणि आकडा आरसीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघ — 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, आणि ते सगळं थांबवायचं ब्रेकलाच.

पहिल्या फेऱ्या

43. पहिली फेरी घराभोवती, दुसरी नाइस रोडवर, आणि मगच सुमारे 60 किलोमीटरवरचं नंदी हिल्स. शिराडी घाट त्याच्याही नंतर — लहान चढ गाडीचं दुखणं सांगतो, मोठा चढ ते वाढवतो.

44. उतारावर चढाचाच गिअर ठेव — पायाने सतत दाबलेला ब्रेक तापतो, इंजिनाने धरलेली गाडी शांत उतरते.

45. प्रत्येक मुक्कामाला उतरलीस की गाडीखाली वाकून बघ आणि चाकाच्या मध्यभागी हात लाव — थेंब आणि गरम चाक, दोघेही मोठ्या खर्चाची आगाऊ सूचना फुकट देतात.

46. एक वही ठेव. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे — पुढचा मिस्त्री तुझ्या आठवणीवर नाही, वहीवर विश्वास ठेवेल.

एवढं सगळं एका वर्षात जमलं नाही तरी हरकत नाही, मॅटाडोरला थांबायची सवय आहे. पण कागद, पाणी आणि ब्रेक, या तिघांना कधी उद्यावर टाकू नकोस. बाकी काहीही चुकलं तरी दुरुस्त होतं.