पियानोचं पहिलं पुस्तक

1. कोलकात्यात नवं मूल शिकायला येतं ते बरेचदा आईचं किंवा मावशीचं जुनं पुस्तक बगलेत मारूनच. बहुधा जॉन थॉम्प्सन यांचं 'टीचिंग लिटल फिंगर्स टू प्ले', मूळ 1936 चं. दोन्ही अंगठे मधल्या 'सी'वर आणि तिथून एकेक बोट बाहेर. गाणं लवकर बसतं, घरचे खूश होतात. पण मूल 'सी म्हणजे अंगठा' असं धरून बसतं. त्याला तीच ओळ तिसऱ्या बोटानं सुरू करायला सांगा. अडखळलं, तर ते सूर वाचत नाही, बोटांचे आकडे वाचतंय.

2. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलांना मी काळ्या पट्ट्यांपासून सुरू होणारी पुस्तकं देते: फेबर दांपत्याचं 'पियानो अ‍ॅडव्हेंचर्स' किंवा अल्फ्रेडची मालिका. दोन-दोन, तीन-तीन काळ्यांचे गट डोळे मिटूनही सापडतात आणि पाच रेघांची धास्ती पुढे ढकलली जाते. शिवाय पेटीवर वाढलेल्या मराठी कानाला इथे एक गंमत कळते. काळी तीनला सा धरला की सगळ्या काळ्या मिळून भूपाचेच सूर! 'ऑल्ड लँग साइन'ही याच पाच सुरांत बसतं. त्या स्कॉटिश चालीवर रवींद्रनाथांनी 'पुरानो सेइ दिनेर कथा' बांधलं, त्यामुळे इथल्या मुलांना ती तोंडपाठ असते. पुस्तक त्या पानापर्यंत पोचायच्या आधीच मुलं ती काळ्यांवर शोधून काढतात. अनोळखी अमेरिकन गाण्यांची चार पानं मग खुशाल गाळावीत.

3. पाच वर्षांच्या मुलासाठी मोठी छपाई बघा. चित्रं कमी असली तरी चालेल.

4. दुकानदार लेसन, थिअरी, टेक्निक, परफॉर्मन्स असा सगळा संच पुढे करतो. सुरुवातीला लेसन आणि परफॉर्मन्स पुरे. थिअरी वहीत रेघा मारून लिहिली की जास्त टिकते.

5. ज्या शहरात कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक 1915 पासून आहे, तिथे 'परीक्षा कधी?' हा प्रश्न दुसऱ्या महिन्यातच येणार. ट्रिनिटीच्या 'इनिशियल' या सुरुवातीच्या परीक्षेला तीन तुकडे लागतात. वर्षभर तेवढेच घोटलेलं मूल ते सफाईनं वाजवतं आणि चौथं पान समोर आलं की गप्प बसतं. परीक्षेचं पुस्तक हे पहिलं पुस्तक नव्हे.

6. घरी कीबोर्ड असेल तर पहिल्या वर्षाला 61 पट्ट्या पुरतात. मात्र तो दाबाला दाद देत नसेल, तर हळू-जोरात शिकवणारी पानं वाया जातात.

7. बेयरचं जुनं प्राथमिक पुस्तक लगेच नको. त्यात डावा हातही बराच काळ ट्रेबल क्लेफमध्येच वाचतो. दहा-अकरा वर्षांचं मूल चित्रांना नाक मुरडत असेल तर बार्टोकच्या 'मिक्रोकोस्मॉस'चा पहिला भाग काढावा. त्यातले डोरियन, फ्रिजियन हे मोड ऐकून पाश्चात्त्य संगीतावरच वाढलेली मुलं बिचकतात. तेच सूर काफी, भैरवीत घरात ऐकलेली पोरं सरळ वाजवत सुटतात.