शंका-समाधान : हरिकेनचा रंग आणि जुने फोटो

प्रश्न : १९४४ साली अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इम्फाळला लढलेल्या भारतीय वायुदलाच्या १ नंबर स्क्वाड्रनचं हरिकेन १/७२ मापात बनवतोय. मित्र म्हणतो वरून तपकिरी-हिरवं, माझ्याकडच्या चित्रात करडं-हिरवं आहे. खरं कोणाचं? (सांगली)

उत्तर : मित्राचं. डार्क अर्थ, म्हणजे मातकट तपकिरी, आणि डार्क ग्रीन. करड्याचा उगम ब्रिटनमधला. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथल्या दिवसा लढणाऱ्या विमानांवरचा तपकिरी जाऊन ओशन ग्रे आला, कारण लढाई आता इंग्लिश खाडीवर आणि पलीकडे, बरीच उंचावर चालली होती. झाडांच्या शेंड्यांवरून टेहळणी करणाऱ्या हरिकेनला तो करडा कशाला? स्पिटफायर ८ ला मात्र हा नियम लावू नका. बर्मा आघाडीवरच्या त्या विमानांत दोन्ही जोड्या सापडतात.

गोल चिन्हात लाल अजिबात नको. जपानी विमानांवर लाल गोळा असे, गडबडीत आपल्याच तोफा आपल्यावर चालायच्या, म्हणून या आघाडीवर लाल काढून टाकला. गडद निळ्यात फिका निळा ठिपका, बस्स. हा फिका निळा पांढऱ्यात निळा कालवून केलेला, त्यामुळे त्याची अमुकच एक छटा बरोबर असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखता येतो का? (ठाणे)

उत्तर : नाही. फोटोवरून पट्ट्यांचा आकार घ्यावा, कडा धूसर की रेखीव ते पाहावं, चिन्हाची जागा मोजावी. रंग घ्यायचा तो आदेशातून आणि अस्सल रंगपट्टीवरून.

त्या काळी दोन जातींच्या फिल्म वापरात होत्या. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, पिवळाही काळपट येतो आणि निळा फिकुटतो. पॅनक्रोमॅटिक सगळे रंग टिपते. म्हणून युरोपातल्या ब्रिटिश विमानाच्या चिन्हाकडे आधी बघा : बाहेरचं पिवळं कडं काळंकुट्ट आणि निळं त्याहून उजळ दिसलं, की फिल्म ऑर्थो. मग त्याच फोटोत ‘तपकिरी गडद आहे’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. बर्मातल्या निळ्या-निळ्या चिन्हावर ही युक्ती चालत नाही, हे आपलं दुर्दैव!

रंगपट्टी कुठली? लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमने दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांच्या रंगांवर पुस्तक काढलं, त्यात छापलेले नव्हे तर प्रत्यक्ष रंगाचे तुकडे चिकटवलेले आहेत. जुनी प्रत मिळाली तर सोडू नका. ते तुकडे खिडकीच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली हिरवा आणि तपकिरी एकमेकांत मिसळतात. संगणकाच्या पडद्यावर तर प्रत्येकाचा डार्क अर्थ वेगळा.

प्रश्न : दिल्लीला पालमच्या संग्रहालयातल्या विमानाचा फोटो काढून रंग जुळवला तर? (पुणे)

उत्तर : ठेवलेली विमानं पुन्हापुन्हा रंगवली जातात. बांधणी बघायला ती उत्तम, रंगासाठी नाही. अपघातस्थळी सापडलेला पत्र्याचा तुकडा जास्त मोलाचा, पण तोही सांभाळून वाचावा. तेलात कालवलेला रंग अंधारात वर्षानुवर्षं पडला की पिवळसर होतो, आणि तपकिरी मूळपेक्षा उबदार भासतो. एका कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपरने घासत उतरलं, तर थर एकाआड एक कड्यांसारखे उघडतात. कोणत्या रंगावर कोणता चढवला ते दिसतं. अर्थात तुकडा तुमच्या मालकीचा असेल तरच.

प्रश्न : रंग अचूक वापरूनही मॉडेल काळवंडलेलं का दिसतं? (नाशिक)

उत्तर : १/७२ चं मॉडेल तुम्ही ३० सेंटिमीटरवरून बघता, म्हणजे खरं विमान साडेएकवीस मीटरवरून. तेवढ्या हवेतून रंग थोडा फिका, थोडा करडा होतो. गडद छटांत फिका करडा घाला. नुसता पांढरा घातला तर तपकिरी गुलाबी पडतो. प्रमाणाची तयार कोष्टकं मिळतात, मी ती वापरत नाही. पंखाच्या जुन्या तुकड्यावर लावून, वाळू देऊन ठरवतो.