चित्रे काढणाऱ्या पॉटरबाई आणि आमचा चांद्या



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय 'निरनिराळी कामे करणारी माणसे' असा आहे. गुरुजींनी चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला कुंभार आला, कोणाला लोहार, कोणाला पोस्टमन. ती मुले त्याच संध्याकाळी जाऊन माहिती विचारून आली. माझ्या चिठ्ठीत निघाले, 'मुलांच्या पुस्तकात चित्रे काढणारा'. आता असा माणूस आपल्या गावात कुठे शोधायचा? मी म्हणाले, "गुरुजी, चिठ्ठी बदलून द्या ना." गुरुजी म्हणाले, "बदलून मिळायची नाही. पण एका बाईंची माहिती मी सांगतो. त्या इंग्लंडातल्या होत्या. तू वहीत उतरून घे." त्या बाई आता हयात नाहीत. तरी कुंभाराकडे गेलेल्यांपेक्षा मलाच जास्त सापडले, असे मला वाटते. (कुंभारवाल्यांनी रागावू नये.)

त्यांचे नाव बीट्रिक्स पॉटर. जन्म २८ जुलै १८६६, लंडन शहरात. घर पैसेवाले होते, पण त्या शाळेत कधी गेल्याच नाहीत. शिकवायला बाई घरी येत. त्यामुळे खेळायला मैत्रिणी फारशा नाहीत, एक धाकटा भाऊ तेवढा होता. दोघांनी मिळून घरात ससे, उंदीर, बेडूक, सरडे, एक वटवाघूळसुद्धा पाळले होते. त्यांची चित्रे काढायची हाच खेळ. एखादा प्राणी मेला तर तो उकळून त्याची हाडे वेगळी करायची आणि सांगाडा बघायचा! हे मी वर्गात वाचले तेव्हा मुली "ई ऽऽ" करून ओरडल्या. पण गुरुजी म्हणाले, आत हाड कसे आहे ते माहीत नसेल तर वरून पाय कसा वाकेल ते चित्रात कसे येणार?

पॉटरबाईंचे दोन ससे प्रसिद्ध आहेत. पहिला बेंजामिन. त्याला लोणी लावलेला गरम भाजका पाव आवडे. चहाची घंटा वाजली की स्वारी पळत बैठकीच्या खोलीत हजर. त्याच्यावरून काढलेली शुभेच्छापत्रे १८९० साली विकली गेली आणि बाईंना ६ पौंड मिळाले. ती त्यांची पहिली कमाई. दुसरा ससा पीटर. तो कड्यातून उडी मारायचा आणि घंटा वाजवायचा. पण बाईंना त्याच्या करामतींपेक्षा तो झोपतो कसा, कान कधी पाडतो, पाठ कशी गोल करतो हे हवे असे. पीटरची चित्रे त्यांनी किती काढली असतील! एकाच कागदावर तोच ससा चारी बाजूंनी.

त्यांचे रोजचे काम ऐकल्यावर मला वाटले, यात चित्र काढणे कमी आणि बघणेच जास्त आहे. पावसाळ्यात आपल्याकडे उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, आपण त्या पायाने उडवतो. बाईंनी तशा अळंब्यांची शेकडो चित्रे रंगवली. अळंबीचे बी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी भुकटी, कशी रुजते हे त्या सूक्ष्मदर्शकातून पाहत. त्यावर लिहिलेला त्यांचा निबंध १८९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला गेला. पण त्या सभेला बायकांना जाता येत नव्हते, म्हणून तो दुसऱ्यानेच मांडला. पुढे १९६७ साली अळंब्यांच्या एका शास्त्रीय पुस्तकात त्यांची चित्रे छापली. म्हणजे सत्तर वर्षांनी!

आता त्यांचे पुस्तक कसे झाले ते सांगते. त्यांना शिकवायला येणाऱ्या एका बाईंचा मुलगा, नोएल, पाच वर्षांचा होता. तो आजारी पडला. ४ सप्टेंबर १८९३ रोजी पॉटरबाईंनी त्याला पत्र लिहिले. काय लिहावे सुचेना, म्हणून चार सशांची गोष्ट लिहिली आणि मधे मधे चित्रे काढली. नोएलने ते पत्र जपून ठेवले. सात वर्षांनी बाईंनी ते त्याच्याकडून उसने मागितले, गोष्ट वाढवली, वहीत चित्रे जुळवली आणि प्रकाशकांकडे पाठवली. निदान सहा जणांनी नको म्हटले. काहींना मोठे पुस्तक हवे होते. बाई म्हणत, लहान मुलांच्या हातात मावेल असेच पाहिजे, आणि स्वस्त पाहिजे. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने २५० प्रती काढल्या. मग एक प्रकाशक तयार झाला, पण म्हणाला, चित्रे रंगीत करून द्या. बाई आधी कुरकुरल्या. ससा तपकिरी आणि पाला हिरवा, यात रंगवायचे काय? तरी त्यांनी सगळी चित्रे नव्याने रंगवली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक आले. पहिल्या छपाईच्या ८,००० प्रती होत्या.

तेव्हा रंगीत चित्र छापायचे तर त्याचे तीन ठसे करत. एक पिवळ्या शाईचा, एक तांबड्या, एक निळ्या. तिन्ही एकावर एक बरोबर बसले तरच ससा सशासारखा दिसे. आपल्या पाठ्यपुस्तकातले एखादे चित्र शाळेच्या भिंगातून बघा, रंगांचे बारीक ठिपके दिसतील. मी पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट. पॉटरबाईंना माणसे चांगली काढता येत नसत. सशाच्या गोष्टीतल्या मॅक्ग्रेगरबाईचे चित्र त्यांनी पुन्हा काढले, तरी ते पुढे पुस्तकातून गळले. हे ऐकून मला फार बरे वाटले.

गुरुजी म्हणाले, "लिहून झाले, आता करून बघ." आमच्याकडे चांद्या नावाचा बोकड होता. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांद्या. जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागच्या बाजूवर मी रोज शाळा सुटल्यावर त्याचे चित्र काढू लागले. पहिले दोन दिवस तो कुत्र्यासारखाच दिसे. माझा भाऊ तर त्याला "यू यू" करून बोलवायचा. तिसऱ्या दिवशी मी नुसतीच बसून राहिले आणि मला दिसले की शेळीच्या डोळ्यातली काळी फट आडवी असते! मांजराची उभी असते, आपली गोल. मी आजीला सांगितले. आजी म्हणाली, "जल्म गेला माझा शेरडं राखण्यात, म्या कधी बघितलंच न्हाई," आणि लगेच उठून गोठ्यात बघायला गेली.

आमच्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांना हा प्रकार पसंत नव्हता. "कागुद फुकट येतो व्हय? चित्रानं प्वाट भरतंय का?" मी म्हणाले, पॉटरबाईंनी पुस्तकांच्या पैशातून १९०५ साली शेत घेतले. आबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "किती एकर?" ते मला माहीत नव्हते. गुरुजींना विचारले. पहिले शेत लहान होते, हिल टॉप नावाचे. पुढे त्या जमीन घेतच गेल्या, लग्न करून तिकडेच राहिल्या आणि चित्रे मागे पडली. हर्डविक जातीच्या मेंढ्या पाळण्यात त्यांचे नाव झाले. २२ डिसेंबर १९४३ रोजी वारल्या तेव्हा ४,००० एकरांहून जास्त जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली. आबा म्हणाले, "मेंढरं पाळत होती? मग बाई कामाची हाय."

तेवढ्यात पेरणी तोंडावर आली आणि बियाण्याला पैसे हवेत म्हणून गुरुवारच्या बाजारात चांद्याला न्यायचे ठरले. माझे मागचे पाय अजून जमले नव्हते. मी म्हणाले, "आबा, एक आठवडा थांबा ना." आबा म्हणाले, "पाऊस थांबंल व्हय तुझ्या चित्रासाठी?" मी जेवले नाही. गुरुजींनी सांगितलेले आठवले. पॉटरबाईंच्या गोष्टीत पीटर सशाचा बाप अगदी सुरुवातीलाच गेलेला असतो. मॅक्ग्रेगरबाईने त्याला पिठाच्या पारीत घालून शिजवलेला असतो. बाईंनी ते लपवले नाही. पण गोष्टीत वाचणे वेगळे.

बुधवारी रात्री मी बॅटरी घेऊन गोठ्यात गेले. चांद्या बसला होता, उठेना. मागून आबा आले. काही न बोलता त्यांनी त्याला उभे केले, मागचा पाय हातात धरून वाकवला आणि म्हणाले, "हितं बघ. फुडला पाय असा मोडतो, मागला असा. तू दोन्ही सारखंच काढलंस." मग त्यांनी बॅटरी धरली आणि मी काढू लागले. "डाव्या कानाला चीर हाय, ती कुठाय?" असेही म्हणाले. खरेच, आठ दिवसांत ती मला दिसली नव्हती. एक पाय झाला. दुसऱ्याच्या वेळी चांद्याने हिसडा दिला आणि कागदावर पाय दिला. मग आबाही थकले होते.

सकाळी मी उठले तेव्हा दावे रिकामे होते. आबा बाजारातून बियाणे घेऊन आले आणि माझ्यासाठी चाळीस पानी वही.

तेच चित्र खाली डकवले आहे. कोपऱ्यात खुराचा डाग आहे, तो मी पुसला नाही. मागचा डावा पाय अर्धा आहे. ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी काही चुकले असेल तर लिहावे. खाली जागा सोडली आहे, पेन्सिल दोऱ्याला बांधली आहे.