वाटेत अडकलेली रक्कम : व्यवहारज्ञानाचा एक पाठ
(इयत्ता सहावी व सातवीसाठी)

उद्देश : मोबाइलवरून दिलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही समोरच्यास न पोहोचल्यास ती कोठे असते व केव्हा परत यावयास हवी, हे विद्यार्थ्यांस समजावे.

प्रस्तावना : शिक्षकाने पुढील प्रसंग सांगावा. पेरणीच्या दिवसांत एक शेतकरी बाई बियाण्याची पिशवी घेऊन १,२०० रुपये मोबाइलवरून देते. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश येतो. पण व्यवहार ‘प्रलंबित’ दिसतो. दुकानदार म्हणतो, “पैसे आले नाहीत.” बाई म्हणते, “माझे तर गेले.” खोटे कोण बोलते? मुले बहुधा एकाचे नाव घेतील. खोटे कोणीच बोलत नाही, हे उमजणे हेच या पाठाचे मर्म होय.

विवेचन : यूपीआय ही पद्धत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेने २०१६ साली सुरू केली. पाच मुलांना ओळीने उभे करावे : ग्राहक, ग्राहकाची बँक, मधले केंद्र, दुकानदाराची बँक व दुकानदार. ग्राहकाची चिठ्ठी हातोहात पुढे जावी व पोच त्याच वाटेने मागे यावी. दुसऱ्या खेपेस दुकानदाराच्या बँकेने गप्प राहावे. पहिल्या बँकेने रक्कम वजा केलेली आहे, पण पोच नाही. हीच प्रलंबित अवस्था. पुढे बँका आपापल्या नोंदी ताडून पाहतात. मग रक्कम दुकानदारास तरी मिळते किंवा ग्राहकास परत तरी येते.

नियम : रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसरीस पाठविलेली रक्कम तिच्या खात्यात जमा न झाल्यास ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावयास हवी, दुकानदारास दिलेल्या रकमेसाठी ही मुदत ५ दिवसांची आहे. त्यापुढे दर दिवसास १०० रुपये भरपाई असून ती ग्राहकाने न मागताही द्यावयाची असते.

सावधगिरी : घाईने पुन्हा रक्कम पाठवू नये. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक व तारीख उभयतांनी लिहून घ्यावी. तक्रार ॲपमध्ये किंवा बँकेत करावी. बँकेकडून ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. कोठे तरी सापडलेल्या अनोळखी क्रमांकावर मात्र फोन करू नये. अशाच वेळी भामटे गाठतात. पैसे परत येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांकडून वदवून घ्यावे. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

स्वाध्याय : ३ जूनला दुकानदारास दिलेली रक्कम अडकली व ११ जूनला परत आली. भरपाई किती? (मुदत ८ जून, विलंब ३ दिवस, भरपाई ३०० रुपये.)

समारोप : अनेक घरांतून बँकेचा संदेश मुलेच वाचून दाखवितात. म्हणून हा पाठ वर्गात संपत नाही. घरी आईने “पैसे गेले की काय?” असे विचारल्यावर मुलाने शांतपणे “वाटेत आहेत, क्रमांक लिहून ठेवू” असे उत्तर दिले, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.