कचेरीतील जुने सागवानी मेज

प्रश्न : सरकारी लिलावात जुने सागवानी मेज घेतले. पॉलिश काळवंडले असून कपांचे पांढरे डाग पडले आहेत. थोडक्या खर्चात काय करावे?
– एक वाचक, देसाईगंज

उत्तर : ज्या बल्लारपूरच्या आगारातून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराकरिता सागवान रवाना झाले, त्या प्रदेशात राहून आपण जुने मेज मोडीत न काढता त्याच्या जीर्णोद्धाराचा बेत केलात, हे योग्यच झाले.

प्रथम मेजाच्या खालच्या अंगास स्पिरिटचा बोळा फिरवून पाहा. लेप चिकट झाला तर ते बहुधा लाखेचे पॉलिश आहे असे समजावे. तसे असल्यास सर्व मेज तासण्याचा खटाटोप व्यर्थ होय, कारण पांढरे डाग बहुधा लेपात शिरलेल्या ओलाव्याचे असतात आणि स्पिरिटने जेमतेम ओलावलेले फडके हलकेच फिरविल्याने ते पुष्कळदा नाहीसे होतात. लेप उखडलेलाच असेल तर मात्र १२०, मग २२० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासावा (आडवा घासणाऱ्या सुतारास मी मजुरी देणार नाही!), भोकांत सागाचाच भुसा सरसात कालवून भरावा, आणि एक लिटर स्पिरिटात सुमारे २०० ग्रॅम चपडा लाख विरघळवून त्याचे पातळ हात द्यावेत. पावसाळ्यात हे काम करू नये. दमट हवेत लाख पांढुरकी पडते.

लाखेऐवजी जवसाचे तेल लावल्यास तेलकट चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. त्या आपोआप पेट घेतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवा.