ट्रॅक्टरचे पाणी जाते कुठे?



गळीत हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरचे टायर, ब्रेक, ट्रॉलीचे हूक यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. रेडिएटरकडे मात्र आपण पाणी ओतण्यापुरतेच बघतो. गटातून फिरताना आम्हाला कितीतरी ट्रॅक्टरांवर पाण्याचा कॅन बांधलेला दिसतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "रोज सकाळी थोडं घालतो, बाकी काही तक्रार नाही." पण खरी तक्रार तीच आहे. रेडिएटरचे पाणी बंद चक्रात फिरते. ते रोज कमी होत असेल, तर कुठून तरी जातेच आहे.

ठिबक सिंचनाचा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. तोच इथे लावू. दर दहा सेकंदांना एक थेंब गळाला आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर चोवीस तासांत सुमारे ४३० मिलिलिटर पाणी जाते. गरम इंजिनवर पडलेला थेंब तिथेच वाळतो, म्हणून जमिनीवर ओल दिसत नाही. गळती शोधायची ती पुढील क्रमाने.

१) होज पाइप : संध्याकाळी ट्रॅक्टर सपाट जागी लावून खाली कोरडा पुठ्ठा ठेवा. सकाळी चालू करण्यापूर्वी बघा. थंडीत रबर आकसते, त्यामुळे काही गळत्या थंड इंजिनलाच दिसतात व गरम झाल्यावर थांबतात. वरच्या व खालच्या होजची टोके, क्लिपा आणि खालचा ड्रेन कॉक तपासा. पांढरट किंवा तांबूस वाळलेला ओघळ दिसला, की त्याच्या वरच्या बाजूला गळती समजावी.

२) झाकण : हे नुसते बूच नव्हे. ते आत दाब धरून ठेवते. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, पण अर्धा किलो दाबाखाली सुमारे १११ अंशांना. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, की पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जाते. नवे घेताना जुन्यावरचा दाबाचा आकडा बघूनच घ्या.

३) वॉटर पंप : पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. तिथून पाणी येत असेल तर आतले सील गेले आहे. ते भोक बुजवू नका, बुजवले तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते. इंजिन बंद असताना पंखा हाताने हलवून बघा. खेळ जाणवला तर पंप उतरवावा.

४) रेडिएटर : जाळीत पाचट व धूळ अडकली तरी इंजिन तापते, पण ती गळती नव्हे. आधी जाळी साफ करा, मग ओले डाग शोधा. पितळी रेडिएटरला डाग देता येतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला मात्र तसा डाग बसत नाही. तो जाणकार कारागिराकडे न्यावा.

५) आतली गळती : बाहेर सगळे कोरडे असूनही पाणी जाते, तर ते आत जाते. थंड इंजिन झाकण काढून चालू करा. रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत राहिले, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ऑइल दुधाळ असेल तर ट्रॅक्टर चालवूच नका.

एवढे करून सापडले नाही, तर गॅरेजमध्ये हातपंपाने दाब देऊन तपासून घ्या. झाकणावरील आकड्यापेक्षा जास्त दाब देऊ नये. काटा खाली सरकला की गळती आहे.

रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी युक्ती अनेक जण करतात. तिने घरापर्यंत पोहोचता येईल, पण तीच पूड बारीक नळ्यांत बसून पाण्याची वाट अडवते. बोअरचे क्षाराचे पाणीही तेच करते. कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात मिसळून वापरा. बहुतेक कूलंट विषारी व चवीला गोड असते. सांडलेले लगेच धुवा. वासरू किंवा कुत्रे चाटेल असे ठेवू नका.

दोन गोष्टी चालकाला बजावून सांगा. गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, वाफेने तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतायचे नाही, हेडला तडा जाऊ शकतो. पाणी फार कमी झाले तर काटाही खरे तापमान दाखवत नाही, म्हणून काट्यावर विसंबून राहू नका.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे आम्ही नेहमी सांगतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या रस्त्यात अडकल्या, तर उसाचे वजनही घटते आणि उताराही. क्लिप आणि झाकणाचा खर्च थोडा, हेडच्या कामाचा मोठा. तेव्हा कॅन बांधण्याआधी गळती शोधा. मोळी पडण्यापूर्वी सलग आठ दिवस रोज सकाळी पाण्याची पातळी बघून वहीत लिहा. पातळी हलली नाही, तरच ट्रॅक्टर वाहतुकीला तयार समजा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग